जुनी पानं, नवी शिवण

एचमियाद्झिन गॉस्पेल, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांचं एक आर्मेनियन हस्तलिखित, किती जुनं आहे असं कुणी विचारलं तर एका आकड्यात उत्तर देता येत नाही. आतला मजकूर लिहिलाय सन ९८९ मध्ये, आर्मेनियाच्या दक्षिणेला स्युनिक नावाचा डोंगराळ प्रांत आहे तिथल्या ब्गेनो-नोरावांक मठात, होव्हानेस नावाच्या लेखनिकाने, स्तेपानोस नावाच्या एका धर्मगुरूसाठी. पण पुस्तकाला बाहेरून जी हस्तिदंती कोरीव आवरणं आहेत ती सहाव्या शतकातली, बायझंटाइन कारागिरांची. आणि पुस्तकाच्या अगदी शेवटी दोन पानं शिवलेली आहेत, त्यांच्यावर मिळून चार चित्रं, ती सहाव्या शतकाच्या शेवटची नाहीतर सातव्याच्या सुरुवातीची. म्हणजे आतल्या मजकुरापेक्षा जवळजवळ चारशे वर्षांनी जुनी चित्रं, आणि ती मागे नंतर जोडलेली.

मी या विषयाकडे वळले ते या दोन पानांमुळेच. आर्मेनियन हस्तलिखितं म्हटलं की लोक लगेच तेराव्या शतकातल्या किलिकियाची, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या आर्मेनियन राज्याची, सोन्याने मढलेली चित्रं दाखवतात, तोरोस रोस्लिनचं नाव घेतात, आणि तो खरोखर फार मोठा चित्रकार होता यात वादच नाही. पण माझं मन त्याच्या आधीच्या काळात जास्त रमतं, सातव्या शतकापासून अकराव्यापर्यंतच्या, जेव्हा काही ठरलेलं नव्हतं, प्रत्येक मठ आपल्या परीने चित्रं काढत होता, आणि मागच्या लोकांनी केलेलं जे हाती लागेल ते पोटाशी धरून पुढे नेत होता.

भाचा येरेवानला मेडिकलला आहे (आता आपल्याकडची बरीच मुलं तिकडे असतात), त्याच्या निमित्ताने तिकडे जाणं झालं आणि मातेनादारान बघायला मिळालं. मातेनादारान म्हणजे हस्तलिखितांचं भांडार, मेस्रोप माश्तोत्सच्या नावाच्या रस्त्याच्या वरच्या टोकाला टेकडीच्या पोटात घुसलेली काळसर बसाल्टची इमारत, समोर माश्तोत्सचा पुतळा आणि त्याच्यापुढे गुडघ्यावर बसलेला त्याचा शिष्य कोर्युन. आत सतराएक हजार हस्तलिखितं आहेत. माश्तोत्सने साधारण ४०५ साली आर्मेनियन लिपी तयार केली, ३६ अक्षरं, आणि लगेच बायबलचं भाषांतर सुरू झालं. देशाने ख्रिस्ती धर्म स्वीकारून तोपर्यंत शंभर वर्षं झाली होती, परंपरेप्रमाणे ते साल ३०१. शंभर वर्षं हे लोक ग्रीक आणि सिरियाक भाषेतलं वाचन ऐकत होते आणि कुणीतरी शेजारी उभं राहून तोंडी समजावून सांगत होतं. स्वतःच्या भाषेत हातात धरता येईल असं पुस्तक मिळाल्यावर त्यांनी त्याला जे जपलं ते या पार्श्वभूमीवर बघायला हवं.

आता ती चार चित्रं. जखऱ्याला (बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या वडिलांना) देवदूताचा निरोप, मरीयेला देवदूताचा निरोप, पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचं बाळाला वंदन, आणि येशूचा बाप्तिस्मा. यातलं ज्ञानी लोकांचं चित्र मी स्क्रीनवर मोठं करून कितीतरी वेळा बघितलंय. मरीया समोरासमोर सिंहासनावर बसलीय, बाळ तिच्या मांडीवर अगदी मधोमध धरलेलं, मागे खांबांची आणि कमानींची इमारत, आणि ते पूर्वेकडचे पाहुणे इराणी पोशाखात, विजारी आणि टोप्या घातलेले. आर्मेनिया एका बाजूने बायझंटाइन साम्राज्याला आणि दुसऱ्या बाजूने सासानी इराणला चिकटलेला होता, त्यामुळे ज्याने हे काढलं त्याला "पूर्वेकडून आलेले लोक" कसे दिसतात हे ऐकून काढायची गरज नव्हती, ते त्याच्या बाजारात फिरत असणार! आणि डोळे. सगळ्यांचे मोठे, काळे, सरळ आपल्याकडे रोखलेले. बाप्तिस्म्याच्या चित्रात येशू तरुण, बिनदाढीचा, आणि चारी कोपऱ्यांत गोल चौकटींमध्ये चार शुभवर्तमानकारांचे चेहरे. रंगाचे फटकारे जाड आहेत, घाई नाही पण हात मोकळा आहे.

या चित्रांवर पहिला मोठा अभ्यास १८९१ साली योझेफ स्ट्रझिगोव्स्कीने केला आणि त्याने ती सिरियन ठरवली. पुढे सिरार्पी देर नेर्सेस्यान या बाईंनी ती आर्मेनियनच आहेत हे दाखवून दिलं, सातव्या शतकातल्या आर्मेनियन चर्चच्या भिंतींवर जे रंगकाम थोडंफार टिकलंय त्याच्याशी ताडून. या बाईंबद्दल एवढं तरी सांगायलाच हवं की त्या १८९६ साली कॉन्स्टँटिनोपलला जन्मल्या, १९१५ मध्ये तिथून बाहेर पडल्या, पॅरिसमध्ये शिकल्या, पुढे अमेरिकेत डंबार्टन ओक्स या संशोधन संस्थेत प्रोफेसर झाल्या, आणि आयुष्यभर हेच काम केलं. १९१५ मध्ये ऑटोमन तुर्कस्तानात त्यांच्या लोकांची गावंच्या गावं संपवली गेली, मठ जळाले, आणि त्याबरोबर किती हस्तलिखितं गेली त्याचा हिशोब लागत नाही. अशा वेळी चार चित्रं कुणाची हे सिद्ध करणं म्हणजे नुसता कला-इतिहासातला वाद नव्हता असं मला वाटतं.

पण माझा मुद्दा त्या शिवणीचा आहे. ही दोन पानं कुठल्या पुस्तकातली होती ते पुस्तक गेलं. कसं गेलं माहीत नाही, मध्ये अरबांच्या स्वाऱ्या झाल्या, बंडं झाली, भूकंप तर त्या प्रदेशाच्या पाचवीलाच पुजलेले. उरली दोन पानं. आणि कुणीतरी ती टाकून दिली नाहीत, चौकट करून वेगळी लावली नाहीत, तर एका नव्या, जिवंत, रोज वाचल्या जाणाऱ्या पुस्तकात शिवून टाकली. हस्तिदंती आवरणांचंही तेच. एका बाजूला सिंहासनावर ख्रिस्त आणि खाली जेरुसलेममधला प्रवेश, दुसऱ्या बाजूला मरीया आणि बाळ, खाली ज्ञानी लोक, पाच पाच तुकडे जोडून केलेली ही आवरणं. बायझंटाइन कामाची शान आर्मेनियन मठातल्या पुस्तकाला लावली आणि बाहेरच्या मरीयेपासून आतल्या मरीयेपर्यंत एकच पुस्तक झालं. ९८९ मध्ये काढलेली चित्रंही त्यात आहेतच, सुरुवातीला सिंहासनावरचा ख्रिस्त, उभे शुभवर्तमानकार, अब्राहाम आपल्या मुलाचा बळी द्यायला निघालाय ते, आणि एक छोटं गोल घुमटीसारखं देवालय, खांबांवर उभं, पडदे बांधलेलं, आत कुणीच नाही. शेवटच्या पानांमधली आणि सुरुवातीची चित्रं वेगवेगळ्या हातांची आहेत हे शिकलेल्या डोळ्याला लगेच कळतं, तरी ती एकमेकांना परकी वाटत नाहीत.

आपल्याकडे पोथी फार जीर्ण झाली, पानं सुटायला लागली की ती नदीत सोडतात, आदरानेच सोडतात, माझ्या आजोळीही तसंच झालं. आर्मेनियन बाइंडरांनी आदराचा दुसरा रस्ता धरला. नवीन पुस्तक बांधताना पुठ्ठ्याच्या, म्हणजे खरं तर लाकडी फळीच्या, आणि पहिल्या पानाच्या मध्ये घासू नये म्हणून ते जुन्या फाटलेल्या हस्तलिखिताची चर्मपत्राची पानं राखण म्हणून घालायचे. त्याला ते पाहपानाक म्हणतात. आणि झालं असं की ज्या सगळ्यात जुन्या पुस्तकांचं आज काहीच उरलेलं नाही त्यांचे तुकडे या राखणीच्या पानांतून मिळतात, जुन्या येर्कातागिर लिपीतले, मोठमोठी भरीव अक्षरं, शाई अजून काळी. पुढच्या शतकांतल्या बांधणीत तर फळीच्या आतल्या बाजूला कापड चिकटवलेलं असतं आणि सतराव्या-अठराव्या शतकात त्यात भारतात ठशांनी छापलेलं सुती कापडही सापडतं, कारण आर्मेनियन व्यापारी तेव्हा सुरतेपासून मद्रासपर्यंत सगळीकडे होते. मुंबईत फोर्टमध्ये त्यांचं सेंट पीटर चर्च आजही आहे, मेडोज स्ट्रीटला, मी त्याच्यावरून कॉलेजच्या काळात रोज जायचे.

सन ६०० च्या आसपासचं चित्रांबद्दलचं एक भांडणही मला फार आवडतं, कारण त्यात रंगांची यादी आलीय. तेव्हा आर्मेनियात काही लोक म्हणायला लागले की चर्चमध्ये आणि पुस्तकांत चित्रं नकोत, ती मूर्तिपूजा आहे, आणि रंग तर मुळात घाणेरड्या वस्तूंपासून बनतात. त्यांना व्र्थानेस केर्तोघ नावाच्या धर्मपंडिताने उत्तर दिलं, तो काही वर्षं मुख्य धर्मगुरूच्या जागेवर काम बघत होता. तो म्हणतो, रंग घाण असतील तर शाई काय आहे? हिराकस, मायफळ आणि डिंक, हे काही खाण्याचे पदार्थ नव्हेत. आणि चित्रं कशाची? दूध, अंडी, हरताळ, लाजवर्द, जंगाल, चुना. म्हणजे ज्या पवित्र अक्षरांपुढे तुम्ही वाकता ती सुद्धा वस्तूंचीच बनलेली आहेत. पुढे तो म्हणतो की आम्ही शुभवर्तमानाला नमस्कार करतो, त्याचं चुंबन घेतो, तेव्हा हस्तिदंताला आणि रंगाला करत नाही, चर्मपत्रावर लिहिलेल्या तारणाऱ्याच्या शब्दाला करतो. त्याच्याच लिखाणातून कळतं की त्या काळात सोन्या-चांदीने रंगवलेली, हस्तिदंती आवरणांची शुभवर्तमानं आर्मेनियात होती. ती सगळी गेली. एचमियाद्झिन गॉस्पेलच्या शेवटची ती दोन पानं म्हणजे साधारण त्याच जगाची शिल्लक.

मला ही यादी वाचताना अगदी अंगावर आलं, कारण हिराकस, हरताळ, जंगाल, हे शब्द आपल्या काष्ठौषधींच्या दुकानातले, आणि मायफळ तर बाळगुटीत उगाळतात, माझ्या दोन्ही मुलांना उगाळून दिलंय. ओकच्या झाडावर किड्यामुळे जी गाठ येते तेच हे मायफळ, त्यातला तुरट अर्क हिराकशीत मिसळला की काळाकुट्ट रंग येतो आणि तो चर्मपत्रात असा मुरतो की हजार वर्षं हलत नाही. लाजवर्द, म्हणजे निळ्या रंगाचा दगड, येत होता बदख्शानच्या खाणीतून, आजच्या अफगाणिस्तानातून, उंटांच्या पाठीवर. आणि लाल रंगांमध्ये एक अगदी घरचा, वॉर्दान कार्मिर, अरारात पर्वताच्या पायथ्याच्या खारवट मैदानात एका गवताच्या मुळांवर जगणाऱ्या किड्यापासून केलेला. शरद ऋतूत पहाटे त्या किड्यांच्या माद्या जमिनीतून वर येतात, तेवढ्या वेळात त्या वेचायच्या, ऊन चढलं की पुन्हा खाली जातात. चिमूटभर रंगाला किड्यांचा केवढा ढीग लागत असेल!

सगळीच पुस्तकं गरीब मठांत झाली असं नाही. राणी म्ल्केचं गॉस्पेल ८६२ चं आहे, पुढे दहाव्या शतकात वास्पुराकानचा राजा गागिक आर्त्सरुनी याच्या राणीच्या हाती आलं आणि तिने ते वान सरोवराजवळच्या वाराग मठाला दिलं. हा तोच गागिक, ज्याने सरोवरातल्या अख्तामार बेटावर ९१५ ते ९२१ मध्ये ते अप्रतिम कोरीव चर्च बांधलं. या पुस्तकात सुरुवातीच्या कमानींच्या वर नाईल नदीची दृश्यं आहेत, होड्या, माणसं, चक्क मगरी! आर्मेनियाच्या डोंगरात मगर कुठून येणार, पण जुन्या रोमन जगातली ही चित्रांची आवड पुस्तकापुस्तकातून फिरत फिरत इथपर्यंत आली आणि कुणी ती पुसली नाही. त्यातलं स्वर्गारोहणाचं चित्र तर भिंतीवर काढावं एवढ्या ताकदीचं आहे. आज ते व्हेनिसजवळच्या सान लाझारो बेटावर मखिथारिस्ट या आर्मेनियन पंथाच्या साधूंकडे आहे, तो मठ १७१७ पासूनचा.

या कमानींबद्दल थोडं थांबून सांगते, कारण आर्मेनियन शुभवर्तमानात खरी बहार तिथे असते. चौथ्या शतकात कैसरियाच्या युसेबियसने मत्तय, मार्क, लूक, योहान या चौघांच्या मजकुराचे नंबर घातलेले छोटे भाग केले आणि दहा तक्ते बनवले, कुठला प्रसंग चौघांकडे आहे, कुठला तिघांकडे, कुठला दोघांकडे, कुठला एकट्याकडेच. म्हणजे शुद्ध आकड्यांचा तक्ता, इंडेक्सच म्हणा. तो खांब आणि कमानींमध्ये बसवायची पद्धत पडली, आणि आर्मेनियन लोकांनी त्या कमानींवर डाळिंबं, खजुराची झाडं, मोर, कोंबडे, करकोचे असं सगळं आणून बसवलं. ते त्याला खोरान म्हणतात. आणि नुसतं काढून थांबले नाहीत, त्यावर भाष्यं लिहिली! आठव्या शतकात स्तेपानोस स्युनेत्सीने, तो त्याच स्युनिकचा बिशप जिथे पुढे आपलं ९८९ चं पुस्तक झालं, आणि बाराव्या शतकात नेर्सेस श्नोर्हालीने. कुठल्या रंगाचा काय अर्थ, पक्षी का, झाडं का. त्यांचं म्हणणं असं की शुभवर्तमानाच्या मजकुरापर्यंत पोचण्याआधी डोळ्यांना या कमानींमधून न्हाऊन निघू द्या. मी धर्माने ख्रिस्ती नाही, तरी हे वाचल्यापासून मी ती पानं भराभर पुढे ढकलणं बंद केलं. बाल्टिमोरच्या वॉल्टर्स म्युझियममध्ये ९६६ सालचं सार्गिस नावाच्या लेखनिकाचं शुभवर्तमान आहे, उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात जुनं आर्मेनियन पुस्तक, त्यातली बरीचशी सजावट आता गेलीय, पण स्कॅन सगळ्यांना फुकट बघता येतात, ज्यांना वेळ आहे त्यांनी जरूर बघा आणि हळू बघा.

मग अकराव्या शतकात सेल्जुक तुर्क आले. १०६४ मध्ये आनी पडली, बाग्रातुनी राजांची राजधानी, जिथे एवढी चर्च होती. कार्सचा राजा गागिक याने आपलं राज्य बायझंटाइनांच्या हवाली केलं आणि निघून गेला. त्याच्यासाठी केलेलं गॉस्पेल आज जेरुसलेमच्या आर्मेनियन मठात आहे, त्यात राजा, राणी गोरान्दुख्त आणि मुलगी मारेम असे तिघे इराणी थाटाच्या बैठकीवर बसलेले आहेत, कपड्यांवर गोलांमध्ये प्राणी विणलेले, इतकं बारीक की कापडाचा स्पर्श कळावा. त्या पुस्तकात मजकुरात ठिकठिकाणी छोटी चित्रं होती आणि त्यातली बहुतेक कुणीतरी कापून काढलीत. कापलेल्या चौकोनांतून पुढच्या पानाची अक्षरं दिसतात. असं काही बघितलं की मला खरंच राग येतो, कुणी कधी केलं हे माहीत नसताना सुद्धा.

अशा धामधुमीच्या शतकांत पुस्तकांची काय पत होती ते त्यांच्या शेवटच्या पानांवर कळतं. आर्मेनियन लेखनिक काम संपल्यावर एक आठवणलेख लिहायचे, हिशातकारान. कुणी लिहिलं, कुणासाठी, कुठल्या राजाच्या काळात, त्या वर्षी काय संकट आलं, थंडी किती होती, आणि वाचणाऱ्याला विनंती की माझी, माझ्या आईवडिलांची आठवण काढ, देवाकडे एक शब्द टाक. आणि हे एकदा लिहून संपत नव्हतं. पुढे ज्याने पुस्तक दुरुस्त केलं, नवीन बांधलं, विकत घेतलं, त्याने आपली आठवण खाली जोडली. शत्रूने पुस्तक पळवलं तर ते "कैद झालं" असं लिहितात, आणि कुणी पैसे भरून परत आणलं की "सोडवून आणलं". माणसाला सोडवतात तसंच, त्याच शब्दांत. एखाद्या नवरा-बायकोने आयुष्यभराची पुंजी घालून एक शुभवर्तमान सोडवलं आणि त्याबद्दल मागितलं काय, तर नाव लक्षात ठेवा. मातेनादारानमध्ये मुश या शहराच्या नावाने ओळखलं जाणारं प्रवचनांचं प्रचंड पुस्तक आहे, १२०० ते १२०२ मध्ये केलेलं, २८ किलो वजनाचं, ते लुटलं गेल्यावर आसपासच्या गावांनी चांदीची नाणी गोळा करून परत मिळवलं होतं. त्याच्या शेजारी ठेवलंय १९ ग्रॅमचं, काडेपेटीपेक्षा लहान. १९१५ मध्ये दोन बायकांनी ते २८ किलोचं पुस्तक दोन भाग करून पाठीवर वाहून नेलं असं सांगतात. त्याच वर्षी एचमियाद्झिनचा, म्हणजे आर्मेनियन चर्चच्या मुख्य पीठाचा, संग्रह सुरक्षित राहावा म्हणून मॉस्कोला हलवला होता, तो १९२२ मध्ये परत आला आणि १९३९ मध्ये येरेवानला. म्हणून आज मातेनादारानमधलं २३७४ नंबरचं पुस्तक, म्हणजे आपलं एचमियाद्झिन गॉस्पेल, बघता येतं.

आणि याच कारणासाठी झेयतुन गॉस्पेलचं प्रकरण मला सोडवत नाही. ते पुस्तक सुरुवातीच्या काळातलं नाही, १२५६ चं, तोरोस रोस्लिनची सही असलेलं, पण गोष्ट तीच आहे. १९१५ च्या धामधुमीत त्यातली खोरानांची आठ पृष्ठं मूळ पुस्तकापासून सुटली, अमेरिकेत एका कुटुंबाकडे राहिली, १९९४ मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियमने विकत घेतली. पुस्तक मात्र मातेनादारानमध्ये. २०१० मध्ये आर्मेनियन चर्चने कोर्टात दावा लावला आणि २०१५ मध्ये तडजोड झाली, गेटीने मान्य केलं की पानांवर मूळ हक्क चर्चचा, आणि चर्चने ती गेटीला भेट दिली. पानं तिथेच राहिली. दोन्ही बाजूंनी सभ्यपणे झालं, गेटीमध्ये त्यांची काळजी उत्तम घेतली जाते, जास्त लोक बघतात, हे सगळे युक्तिवाद मी वाचलेत आणि समजूही शकते. तरी मला ते पटलेलं नाही. ज्या लोकांनी दुसऱ्या कुठल्यातरी मेलेल्या पुस्तकाची दोन पानं स्वतःच्या पुस्तकात शिवून घेतली, त्यांची स्वतःची आठ पृष्ठं, पुस्तक जिवंत असताना, हजारो मैलांवर सुटी राहावीत हे बरोबर नाही. ती येरेवानला जावीत आणि मूळ पुस्तकात, मूळ जागी, पुन्हा शिवली जावीत. नवीन दोरा दिसला तरी चालेल, आणि खाली कुणीतरी साल घालून लिहावं की ही पानं अमुक वर्षी परत आली.